टोपलीचा प्रयोग

जूनचा पहिला आठवडा. न्यूफाउंडलंडमध्ये याला उन्हाळा म्हणतात.
खाडीच्या तोंडाशी तीन दिवस एक हिमनग अडकून होता,
आणि चौथीच्या वर्गात नऊ मुलांनी
माझ्या लोकरी टोपीतून नऊ चिठ्ठ्या उचलून
नऊ दर्यावर्दी वाटून घेतले.

तक्ता मीच आखून दिला होता:
जन्म कुठे. जहाजाचं नाव. कोणत्या राजाचे पैसे.
काय शोधलं.
शेवटच्या चौकटीला जागा जरा जास्त,
मुलं तिथेच अडतात.

सोमवारी खिडकीखाली आरमार लागलं.
सीरियलच्या खोक्यांची गलबतं,
आइस्क्रीमच्या काड्यांच्या डोलकाठ्या,
चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारे केलेले नकाशे,
आणि कॉलमचं जहाज, डिंक ओला असलेलं,
सगळ्यांदेखत सावकाश कलंडलं.
किनारा सगळ्यांनी हिरवा रंगवला होता.
माणसं फक्त जहाजांवर.
हे मला तेव्हा दिसलं नाही.
रात्री, तपासताना दिसलं.

ब्रायोनी टिझर्ड उशिरा आली.
जहाज नव्हतं. टोपली होती,
वेताची, काळी पडलेली, तळाशी दोरीने बांधलेला धोंडा,
आणि दारापासून माझ्या टेबलापर्यंत
ती गळत आली.

वही उघडून तिने एका दमात वाचलं:
माझ्या दर्यावर्दीची माणसं परत जाऊन म्हणाली
की इथे मासे इतके, की जाळं कशाला,
टोपलीला धोंडा बांधा, सोडा, ओढा, भरलेली.
खरं का ते मी करून पाहिलं.
टोपली आजोबांची. धोंडाही त्यांचाच.
शनिवारी धक्क्यावरून चौदा वेळा सोडली.
शेवाळ, आठ वेळा.
काहीच नाही, चार वेळा.
रबरी हातमोजा, डावा.
खेकडा एक, लहान, परत सोडला.
मासा शून्य.

वर्ग हसला. तीही, थोडीशी.
मग पान उलटलं.
आजोबा म्हणतात, ती माणसं थापाडी नव्हती.
ते माझ्याएवढे होते तेव्हा
वल्हं मारलं की माशाला लागायचं.
मग मोठ्या बोटी आल्या. रात्रीही दिवे लावून ओढायच्या.
मग एका जुलैत रेडिओवर सांगितलं, कॉड धरायचा नाही.
आजोबांनी होडी पालथी घातली.
अजून पालथीच आहे.
तिच्याखाली आमची मांजर व्याली. चार पिल्लं.

काय शोधलं, या चौकटीत तिने लिहिलं होतं: मासे.
खाली पट्टी न लावता, वाकडी, आणखी एक चौकट,
काय हरवलं.
तिच्यात: वरचंच.

पालकांच्या संध्याकाळी ओबेड टिझर्ड आले,
इस्त्रीचा शर्ट, बोटांची पेरं सुजलेली.
त्यांनी नऊचे नऊ दर्यावर्दी वाचले, ओठ हलवत,
कॉलमच्या जहाजाची पाल उलटी होती
ती काढून नीट लावली, कुणाला न विचारता.
टोपलीपाशी थांबले.
गाठ दाबून पाहिली.

मग माझ्याकडे न बघता,
बाहेर हिमनग होता तिकडे बघत म्हणाले,
बाई, पोरीला सांगू नका.
अकराव्या वेळेला हिरमुसली होती.
नाक पुसायला वळली,
तेवढ्यात तो खेकडा मी घातला.
कालपासून बादलीत होता.

गुणतक्त्यात एक ओळ आहे:
पुरावा विश्वासार्ह आहे का? पाचपैकी.
मी पेन उघडून बराच वेळ बसले.
नियमाने एक गुण जायला हवा होता.
निष्कर्षात एक खेकडा जास्त आहे.