नववी पायरी

चित्रपट अकरा मिनिटांचा.
माझ्याकडे फक्त आवाज.

लिथुआनियातल्या एका गावी, भर जानेवारीत,
जवसाच्या जुन्या गोदामातला लाकडी जिना
मी चढले, उतरले, पुन्हा चढले,
कधी रबरी बुटांत, कधी नुसत्या मोज्यांवर.
दाउमांतास कानाला हेडफोन लावून म्हणायचा,
"नाही. अजून पाहुणाच वाटतोय."
शेवटी घरून वडिलांचे बूट आणले.
त्यावर तो काही बोलला नाही.

पडद्यावर काही दिसणार नाही, हे ठरलेलंच होतं.
छोट्या याउनियसला सांगितलेली गोष्टही वेगळी,
हरवलेल्या मांजराची.
तो पांघरुणात मांजराची वाट बघत होता.
आम्ही त्याच्याकडून तेवढंच उसनं घेतलं.
काका झालेला झिग्मास, भला माणूस,
नंतर आठवडाभर पुतणीला कडेवर घेईना.

मग शाळाशाळांतून दाखवू लागलो.
एक चादर, एक प्रोजेक्टर,
जेवणघरातून येणारा बीटाच्या सुपाचा वास.
मुलं आधी खिदळतात. खिदळू द्यावं.
मी मागे उभी असते, पडद्याकडे पाठ करून.
चित्र मला पाठ आहे. मी सभागृह ऐकते.

आठ पायऱ्या पाऊल वाजतं.
नवव्या पायरीवर थांबतं.
तिथे सगळ्यांचा श्वास अडकतो;
अडकावा म्हणूनच थांबवलंय.

उतेनाजवळच्या त्या शाळेत मात्र
तिसऱ्या रांगेत एकाचा श्वास
सहाव्याच पायरीला थांबला.

चित्रपट त्यानं आधी पाहिलेला नव्हता.
त्या भागातला आमचा पहिलाच खेळ होता तो.
सहावी.
मला ती ओळखता आली, एवढंच सांगते.

दिवे लागले. एका पालकबाईंनी विचारलं,
असलं काही मुलांना दाखवावं का,
नसतं डोक्यात भरवल्यासारखं होत नाही का.
दाउमांतास उत्तर देऊ लागला. चांगलं देतो तो.
मी समुपदेशक ओनुतेबाईंच्या कानाशी गेले.
रांग सांगितली. हिरवा स्वेटर.

त्या धावल्या नाहीत.
आधी दोन कप शोधले, त्यातल्या एकाचा कान तुटलेला.
मुलं पांगल्यावर त्याच्या शेजारी,
मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसल्या.
"चहा फार गरम आहे," म्हणाल्या,
"आणि मला काही घाई नाही."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.
मी वायरी गुंडाळत राहिले,
गुंडाळलेल्या सोडवून
पुन्हा गुंडाळत राहिले.