नखाला लागेल इतकं

मुहर्रकच्या मासळीबाजारामागे आमचं वर्कशॉप.
दुपारी दोनला एसी दम टाकतो,
तेव्हा लाखेच्या पॉलिशला हात लावायचा नाही.
घामाचा एक थेंब पडला की पांढरा डाग उठतो,
आणि मुखलेस तो दोन दिवस शिव्या देत उतरवतो,
सिल्हेटीत.
त्या सगळ्या मला आता कळतात.

पेटी दीड वीत लांब.
मोडीत काढलेल्या होडीचा साग,
रंधा मारला की अजून खारट वास सोडतो.
सात खण, सात झाकणं.
आजीच्या गोळ्यांसाठी, नातू म्हणाला, वारानुसार.

शिंपला कापायची करवत केसाएवढी.
श्वास सोडताना कापायचं, घेताना थांबायचं.
मग लाकडात त्याच्या मापाचं घर कोरायचं,
सरस, दाब, एक रात्र.
सकाळी पॉलिशपेपर, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे,
शिंपला कुठे संपला आणि साग कुठे लागला
हे विसरेपर्यंत.

त्यानंतर नख.
कुडाळला आबा डोळे मिटून
अंगठ्याचं नख फिरवायचे,
देव्हाऱ्यावर, पाटावर, कुणाच्या तरी पाळण्यावर.
"नखाक कळला तर डोळ्याक कळतला."
आणि मागून डोक्यात टपली.
अकरा वर्षं खाल्ली मी ती.

उम् जबर नातवाचा हात धरून आली,
सरसाचे डबे ठेवतो त्या स्टुलावर बसली.
झाकणांवरून बोट फिरवलं, मग नख,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
कुठेच अडकलं नाही.
मी शर्टाची बटणं तुटतील एवढा फुललो.
ती म्हणाली, इथे तर काहीच नाही.

नातू खाली बघत बोलला,
आधी कडा तरी दिसायच्या तिला. आता त्याही नाहीत.

तिने टेबलावरचा एक तुकडा चाचपून उचलला,
ओठाला लावला.
हा आमच्या समुद्रातला नव्हे.
खरंच होतं. तो मनिलाहून येतो,
चिकटपट्टी मारलेल्या खोक्यात, किलोवर.
माझा बाप बुडी मारायचा, ती म्हणाली,
मोती सावकाराला,
शिंपले आम्हाला, खेळायला.
तळपाय दाखवू का?

सातही उचकटले.
जाड कापून पुन्हा बसवले, अर्धा केस वर.
शनिवारला एक टिकली, रविवारला दोन,
मंगळवारला माशाचा काटा.
शुक्रवार मोठा हवा म्हणाली, म्हणून शीड.
कडा तेवढ्या मारल्या, बोट कापू नये म्हणून.
मुखलेस हसला,
मेस्त्री, चूक ठेवायला एवढी मेहनत?
पण पॉलिशचा बोळा त्यानेच फिरवला,
प्रत्येक उंचवट्याला वळसा घालत,
एकही शिवी न देता.

न्यायला आली त्या दिवशी
बोटांनी शोधत ती माशाच्या काट्यापाशी थांबली.
अ-थलाथा, म्हणाली, आणि झाकण उघडलं.
बाहेर बुधवार होता.
कुणी काही बोललं नाही.

पेटी कागदात गुंडाळण्याआधी
सवयीने माझंही नख फिरलं,
आणि अडकलं.
मान आपोआप खाली गेली,
टपली चुकवायला.