दम फेडणं

शिराउरा नावाच्या एका गावाचा जुना इतिहास
मी सांगलीत, हरिपूर रस्त्यावरच्या खोलीत बसून
मराठीत आणते आहे. शब्दाला दीड रुपया.

पहिल्या प्रकरणात गाव नाहीच.
शिंपल्यांचा एक ढीग आहे, कमरेइतका उंच,
आणि ढिगाखाली राख.
लेखक लिहितो: इथे बऱ्याच पिढ्या कुणीतरी जेवलं.
त्यानंतर बाराशे वर्षं काहीच नाही.

मग सात होड्या येतात,
दक्षिणेकडून, बहुतेक कुणाचा तरी कर बुडवून.
बाया कमरेला दोर बांधून तळाशी जातात,
खडकाला चिकटलेले शिंपले खरवडून आणतात.
वाळवलेल्या मांसाच्या माळा राजधानीला पोचतात
आणि गावाला पहिल्यांदा नाव मिळतं:
करवसुलीच्या यादीत, खाडाखोड केलेलं.

इथवर ठीक चाललं होतं.
अडलं ते बाई पाण्यावर येते तिथे.
ओठांच्या फटीतून ती जो आवाज सोडते
त्याला शीळ म्हणावं तर फार मजेचं होतं,
उसासा म्हणावा तर फार घरातलं.
कोश म्हणतो, समुद्राची शीळ.
कोशाला काय जातंय म्हणायला.

संध्याकाळी बिराप्पा नानांकडे गेले.
नाना हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड सुपाएवढं, आत पोटासारखं फुगलेलं,
तीस फूट अंधार.
आधी कंदील सोडायचा;
विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.

मी त्यांना होड्या सांगितल्या, बाया सांगितल्या.
"वर दोर कोण धरायचं?"
पुस्तकाप्रमाणे, नवरा.
"माझा सासरा धरायचा," नाना म्हणाले.
"त्याचा भरवसा नव्हता. म्हणून मी बिगीनं वर यायचो."

आणि वर आल्यावर?

त्यांनी सांगितलं नाही, करून दाखवलं.
दात मिटलेले, आवाज बारीक, लांब,
शेवटी जरासा वर चढणारा.
कोपऱ्यातल्या मांजरानं मान उचलली.
"ही शीळ न्हवं. ह्याला आम्ही दम फेडणं म्हणायचो.
खाली उसना घेतलेला असतोय.
वर येऊन फेडायचा."

मग थोडा वेळ ते गप्प राहिले.
दोन हजार पाचच्या पुरात पेवं भरली,
तेव्हापासून हा आवाज
त्यांच्या तोंडून निघाला नसावा.

यादीत त्या बायांची नावं नाहीत,
नुसता आकडा आहे: एकोणीस.
रात्री मी लिहिलं,
एकोणीस जणी दम फेडत होडीला लागल्या.
दम, फेडत: तीन रुपये.

निघताना नानांनी विचारलं होतं,
"मग त्या गावाचं म्होरं काय झालं?"
म्हटलं, तिसरं प्रकरण अजून उघडलं नाही.
"मग आदी कंदील सोड," ते म्हणाले.