रीडिंग

बावीस वर्षं मी महालातल्या भिंती बघितल्याच नाहीत.
मीटर बघितले.
केळीबाग रोडवरून आत वळलं की मान वर,
डायरी काखेत, पेन कानावर,
आणि मागून कोणीतरी म्हणणारच,
"काहून भाऊ, एवढं बिल येऊन राहिलं?
आम्ही का घरात हत्ती बांधला?"

हत्ती होता.
मागच्या उन्हाळ्यात दिसला मला,
चितार ओळीच्या मागच्या गल्लीत.
पन्हाळीचा पाइप त्याची सोंड,
आणि गच्चीवरच्या कुलरचं पाणी
तिच्यातून ठिबकत होतं
एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर.

कॉलेजची पोट्टी आली होती शिड्या घेऊन.
घरोघरी विचारून रंगवत गेली,
पण भिंतीचं जे होतं ते तसंच ठेवून.
बुजवलेल्या खिडकीत एक बाई,
कोपर टेकून, गल्लीतल्या भांडणाचा
निकाल लागेपर्यंत थांबलेली.
ओलीनं सुटलेल्या पोपड्यांना फक्त कडा दिल्या,
ढग झाले.
आणि निमज्यांच्या भिंतीवर
बाजेवर बसलेला एक म्हातारा.
त्यानं कानाशी धरलेला रेडिओ
म्हणजे माझा मीटर.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो.
चार, एक, सात, शून्य, सहा.
मोठ्यानं वाचलं, बातम्या सांगितल्यासारखं.
तोंडावर दुपट्टा होता म्हणून बरं.

निमजे म्हणतात, हा आमचा आजा.
पानठेल्यावरचा सोनकुसरे म्हणतो, छे,
हा दामाजी हेडाऊ,
बडग्यापुढे नाचायचा, एक पाय लंगडा, तरी.
मी पोट्ट्यांना विचारलं.
"कोणी नाही तो, काका.
मीटर जेवढ्या उंचीवर होता
तेवढा माणूस काढला."

फक्त द्वारकाबाईंना तो पटला नाही.
चाळीस वर्षं त्या मूर्तींचे डोळेच काढतात,
बाकी अंगाला हात लावत नाहीत.
"ऐकणारा असा समोर पाहते काय?"
रात्री स्टूल घेऊन आल्या, सून स्टूल धरून उभी,
दोन रेघा मारल्या आणि गेल्या.
सकाळी म्हाताऱ्याची नजर जराशी खाली होती,
बाजेच्या पायाशी काहीतरी पडलं असावं तशी.
आणि त्याला ऐकू येत होतं.

या मार्चमध्ये नवे मीटर आले.
करड्या पेट्या, खांबावर.
त्यांचं रीडिंग घ्यायला लागत नाही,
ते आपलं आपण सांगतात, कुठे कोण जाणे.
जुना काढायला चार स्क्रू लागले.
माझ्याच हातात दिला, धूळ झटकून.

रेडिओच्या जागी उरला वीतभर चौकोन,
जुना चुना, आणि चुन्याखाली
निळ्या अक्षरांचा तुकडा:
"वून मिळ".
पोट्टी परत आली, चांगला रेडिओ काढून देतो म्हणाली,
अँटेनासकट.
द्वारकाबाई कितीतरी वेळ बघत होत्या.
"बोर्ड रंगवून मिळतील. सासऱ्याचा हात आहे.
'ळ' पाहा त्याचा, पोटात हवा भरल्यावाणी."
मग स्टूल भिंतीला लावून तिथेच बसल्या,
तंबाखू मळत,
संध्याकाळपर्यंत.
डब्यातला रंग साय धरून गेला.

आता मला ऑफिसात खुर्ची आहे,
खुर्चीसमोर पडदा, पडद्यावर सगळं महाल.
सगळे आकडे बरोबर.
रविवारी मी गांधी गेटापासून पायी निघतो.
हत्तीला पाणी आहे. खिडकीतल्या बाईच्या
डाव्या गालाला ओल लागली आहे,
भांडण अजून मिटलेलं दिसत नाही.

म्हाताऱ्यापाशी मान आपोआप वर जाते,
हात काखेत डायरी शोधतो.
मागून कोणीतरी म्हणतं,
"किती झालं, भाऊ?"

थांब ना बाप्पा.
वाचून राहिलो.