चिम

तोंडी परीक्षा साडेअकरालाच आटोपल्या.
अठ्ठावीस पोरांना मी विचारलं तेच ते,
त्यांनी सांगितलं तेच ते,
आणि परभणीची बस रात्री साडेनऊची.
लॉजवाल्यानं रंकाळा सुचवला. म्हटलं, बघू.

मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या मजल्याला
पत्र्याची पाटी, हातानं रंगवलेली:
थायलंडी जेवण शिका. स्वतःच्या हातानं. तीन तास.
खाली बारीक अक्षरांत: डबा आणावा.

माझ्याकडं डबा नव्हता.
"आसू दे, पातेल्यातनं खावा," म्हणाला हिंदुराव चौगले.
क्राबीच्या एका हॉटेलात एकोणीस वर्षं काढलेला माणूस,
मोरीपासनं शेगडीपर्यंत चढत गेलेला.
त्याच्या बनियनवर हळद होती, कानामागं पेन्सिल.

खालून गिरणीची थरथर. ओट्यावरचे चमचे
आपोआप सरकत होते.

त्यानं सामान मांडलं.
गवती चहा. तो तर आमच्या नळाजवळ माजलाय.
गुळाची ढेप, "तिकडं ताडाचा आसतोय, हितं आपला."
ईडलिंबाची पानं, देठासकट.
आणि कुलंजन,
आवाज बसला की आई चघळायला द्यायची ते,
इथं मिरचीच्या शेजारी बसलेलं, औषध नसलेलं.

फाउंड्रीतला एक पोरगा म्हणाला, मिक्सर नाही का?
"मिक्सर कापतोय. आपल्याला फोडायचंय."
मग दगडी खलबत्ता माझ्या मांडीपाशी आला
आणि दंड भरून येईस्तोवर मी कुटत राहिले.
"ह्यो ठेचा न्हवं, बाई. दाणा ऱ्हाता कामा न्हाई."
तमकीन बागवान ओढणीनं डोळे पुसत हसत होती
आणि ओढणीलाच मिरची लागलेली होती.

बत्त्याच्या बुडाशी कुणीतरी कोरलेली अक्षरं,
गोल गोल, डोक्यावर छोटे शेंडे.
कुणाचं नाव हे, मी विचारलं.
"गॅस बारीक करा," हिंदुराव म्हणाला.

नारळाचा रस कढईत पडला.
"आता फुटू दे. तेल सुटेस्तोवर फुटू दे."
आक्काताई सासन्यांचा हात हवेत थांबला.
चाळीस वर्षं त्यांनी पांढरा रस्सा
फुटू नये म्हणून जपला होता,
पाहुणे दारात आणि पळी एकाच दिशेनं,
फुटला तर सासू काय म्हणेल.
त्या बघत राहिल्या कढईत.
रस फाटला, कडेला हिरवट तेल जमलं,
आणि कुणी काहीच म्हणालं नाही.
"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "हे बी चालतंय व्हय."

शेवटची, खिमा आणि तुळस.
खिडकीतल्या डब्यातनं त्यानं मूठभर खुडून आणली.
"तिकडं ही मळ्यात आसती, मेथीवाणी."
माझा हात आधी कपाळाला गेला,
मग तव्याकडं.
आक्काताईंनी आपली शेगडी बंद केली, रागानं नव्हे.
वास मात्र सगळ्यांना सारखाच आला.

"चिम," म्हणत त्यानं चमचा पुढं केला.
चिम म्हणजे?
"चाखून बगा. तिकडं आसंच म्हणत्यात."
मी चाखलं. मीठ कमी होतं.
त्यानं बोटांत उचललं तेवढंच घातलं,
आपल्याकडं त्याला चिमूट म्हणतात,
हे त्याला सांगायला हवं होतं.
तो तोवर खिडकीत पाठमोरा उभा,
दुसरा चमचा धरून,
फुंकर घालत,
जसा कुणाला तरी भरवायचा आहे.

रात्री सीबीएसवर बस वीस मिनिटं उशिरा आली.
बोटं अजून भाजत होती. कंडक्टरनं सुटे मागितले,
मी पर्समध्ये हात घातला तर
लॉजच्या पावतीत गुंडाळलेला
कुलंजनाचा एक तुकडा,
कुणी ठेवला कोण जाणे.
तोंडात टाकला. कराडपर्यंत चघळला.
आवाज तर माझा बसलेला नव्हता.