बटण सोडल्यावर

मूल्यमापनाच्या कागदावर शेवटचा रकाना:
'इतरांच्या भावनांची जाण'. पाचापैकी दोन.
खाली साहेबांची सही, तिरकी, घाईतली.
सोहार बंदरातून एका पाळीत दीडशे ट्रेलर
मी आतबाहेर करते,
आजवर एकाचाही कंटेनर चुकला नाही,
आणि दोन?

त्या दिवशी डबाच उघडला नाही.
शेजारच्या खुर्चीवरून शमसा अल-बलूशीने
खजूर पुढे सरकवले, काही न विचारता.
तिला किती मिळाले, तेही मी विचारलं नाही.

ट्रेनिंगवाले म्हणाले, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका.
इथे वायरलेसवरचा शब्द न् शब्द साठवतात, तारखेवार.
मी हेडफोन लावले, पाय वर घेतले,
जणू दुसऱ्याच कुणाची चूक ऐकायला बसले.

सतरा जून, दुपारी एक वीस.
"गेट तीन, गाडी क्यूं रोका? अंधा है क्या?"
हा आवाज माझा?
तापल्या तेलात पाणी पडावं तसा.
आणि पलीकडून काहीच नाही.
मागे नेऊन मोजलं, पुन्हा मोजलं:
चार सेकंद.
त्यात इंजिनाची घरघर, दूरवर रिव्हर्सचा भोंगा
आणि एका माणसाने आत घेतलेला श्वास;
तो बाहेर आलेला काही ऐकू आला नाही.
मग, "जी मॅडम."

झरवली खान, बन्नूचा.
त्याच्या केबिनचा एसी आठवडाभर बंद होता.
वर्कशॉपच्या वहीत तसं लिहिलेलं होतं,
आणि ती वही रोज माझ्याच टेबलावरून जाते.

माझे वडील खेडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे.
"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."
गाडी दोन तास उशिरा असो, माईकवर मध.
घरी आले की मिठावरून ताट सरकवायचे.
आई म्हणायची, यांचा गोडवा महामंडळाचा,
ड्युटी संपली की जमा करून यावं लागतं.
मी उलटी निघाले.
रात्री लेकीशी फोनवर साय,
आणि इथे, माईक हातात आला की, विळी.

वायरलेसचं बटण दाबलेलं असतं तोवर
समोरचा बोललेला ऐकू येत नाही.
नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.
बारा वर्षं शिकवते आहे.

दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर लक्ष ठेवलं.
राग जिभेच्या आधी तिथे येतो,
नख पांढरं पडतं. हे मला माहीत नव्हतं.
अंगठा उचलला. काचेबाहेर धूळ,
धुळीत बुडालेल्या क्रेनचे नुसते दिवे.
मग हळू: "झरवलीभाई, क्या हुआ गेट तीन पे?"

चार सेकंद. पाच.
"मॅडम... तबियत ठीक है आपका?"
सात नंबरवरचा लीलाधर चॅनेलवरच ओरडला,
"अरे, आज कुर्सी पे कौन बैठा है?"
शमसा हसून हसून टेबलाखाली जायची बाकी राहिली.

सुधारले म्हणावं, तर तसंही नाही.
गुरुवारी दोन जहाजं एकदम लागली
आणि मी कडाडले, तेच शब्द, तीच धार.
फक्त कडाडून झाल्यावर बटण सोडलं
आणि सोडूनच ठेवलं.
पलीकडे कुणाचं तरी बटण अडकलं होतं.
पाना आपटल्याचा आवाज. दोघे पश्तोत बोलत होते.
शब्द एकही कळला नाही,
पण रिकाम्या बाटलीचं बूच फिरतं,
तो आवाज कुठल्याच भाषेत वेगळा नसतो.

वहीत लिहिलं: गेट तीन, पाण्याचा कूलर, तातडीने.
असल्या नोंदीला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, आणि वही
या वेळी स्वतः वर्कशॉपपर्यंत नेली.