जैसे थे

पहाटे चारला सोहार सोडलं.
डाव्या हाताला समुद्र असतो,
दिसत नाही, मासळीच्या वासावरून कळतो.
मागच्या सीटवर ऋजुता, आणि ती उपाशी नाही.
ही पहिलीच वेळ.

आजवर चौदा वेळा उपाशी नेलं तिला.
चौदा वेळा दुधासारखं औषध
नळीतून चढताना पाहिलं.
"आई, दहापर्यंत मोजते" म्हणायची
आणि तीनावर विझायची.
चार ते दहा मी मनात मोजून टाकायचे.
अर्धवट सोडायचे नाहीत, असं काहीतरी.

आता ती नऊची आहे. म्हणाली,
झोपवू नका मला, मी स्टॅच्यू होईन.
महिनाभर घरी सराव:
जेवणाच्या टेबलाखाली चटई, चटईवर ती,
आणि तिचा बाबा पातेल्यावर उलथनं बडवतोय.
खालच्या मजल्यावरच्या अम्मिणीताई
काय झालं विचारायला आल्या
आणि पाच मिनिटांनी स्वतःच झाकण वाजवत बसल्या.

बरका गेलं, सीब गेलं.
मस्कतचे डोंगर उजाडताना
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे दिसतात.
कुणी म्हणेल सुंदर आहेत.
मी त्यांना फक्त तपासणीच्या दिवशीच बघते.

फॉर्म. अंगात धातू आहे का?
मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवलं.
पहिल्या वेळी हात थबकला होता,
आता किल्ल्यांसारखंच तेही.
"हलायचं नाही गं, शिंक आली तरी," मी म्हटलं
तशी यंत्रापाशी उभी असलेली मुलगी वळली.
"शिंक आली तर सांग, आपण थांबू.
मी नाझनीन. दापोलीची.
बघ, माझ्या स्कार्फच्या पिना पण प्लास्टिकच्या."
इतक्या वर्षांत त्या खोलीत
माझ्याशिवाय दुसरं कुणी मराठी बोललं नव्हतं.

मग ती आत सरकली. बाहेर राहिले पाय.
मी उजवा तळवा धरून बसले,
मोज्याला भोक, भोकातून अंगठा.
यंत्र सुरू झालं.
चाळीस मिनिटं माझ्या हातात
तिचा एवढाच भाग होता.
मधे एकदा अंगठा हलला.
मी काचेकडे पाहिलं. नाझनीननं मान हलवली: चालतं.

बाहेर आल्यावर ऋजुता म्हणाली,
एक आवाज नुसता नको नको नको म्हणत होता,
दुसरा म्हणायचा, हो का, हो का.
आणि सगळ्यात शेवटचा नळावर भांडत होता.
मला हसू आवरेना, अंगठा का हलला?
"तो स्टॅच्यूत नव्हता."

नंतरचे चार दिवस लिहिण्यासारखे नाहीत.
मी तीन वेळा तीच डाळ धुतली.
नवरा फोन घेऊन बाथरूममध्ये जायचा
आणि फ्लश न करता बाहेर यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी:
मागच्या तपासणीच्या तुलनेत बदल नाही.
म्हणजे कानामागे आत
जिथून ती लिंबाएवढी गाठ काढली
तिथली रिकामी जागा रिकामीच आहे.

चिपळूणला सासऱ्यांना कळवलं.
पस्तीस वर्षं कोर्टात कारकून,
जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले,
"म्हणजे जैसे थे."
हो बाबा.
"जैसे थे हा निकाल नसतो, सूनबाई.
पुढची तारीख कधीची?"

एप्रिल. सहा महिने.
फ्रिजवर चिकटवली, दुधाच्या हिशेबाखाली.

डॉक्टर दर वेळी तिची उंचीही मोजतात,
किरणांनंतर मुलं हळू वाढतात, म्हणाले होते.
भिंतीला टेकवतात, डोक्यावर पट्टी,
आणि कागदावर टिंब देतात
मागच्या टिंबाच्या इतकं जवळ
की मी चष्मा पुसते.

आज सकाळी शाळेची बस खाली हॉर्न देतेय
आणि ही दारात एका पायावर उभी,
वैतागलेली, एक बूट हातात.
"आई, अंगठा टोचतोय!"

मी खाली बसले. दाबून पाहिलं.
पुन्हा दाबून पाहिलं.
बस हॉर्न देत राहिली.